परसात भट्टी बांधायची आहे: घुमटाची की तंदूर?

मातीचं घर उभं राहिलं की परसात भट्टीही हवीशी वाटते. मग प्रश्न पडतो, गोव्यातल्या पोदेराकडे, म्हणजे पाव भाजणाऱ्याकडे, असते तशी घुमटाची बांधावी की तंदूर बसवावा? चवीचं नंतर बघू, आधी छपराकडे बघा. मातीची भिंत पेटत नाही. पेटतं ते गवत, झावळ्या, बांबू.

तंदूर सुटसुटीत. घडवलेलं भांडं आणून बसवायचं, जागाही कमी लागते. पण त्याचं तोंड वर असतं आणि रोट्या लागत असताना आत विस्तव फुललेलाच असतो. ठिणगी उडाली की थेट वळचणीकडे जाते. गवती छपराजवळ मी तो बसवणार नाही. कौलारू घर, छोटं अंगण आणि मुख्यतः रोट्याच करायच्या असतील तर तंदूर चालेल, मात्र घट्ट झाकण हवं.

घुमटाला मेहनत फार. ओल्या वाळूचा ढीग रचून त्यावर चिखलाचा चार बोटं जाड थर द्यायचा. एक भाग चिकणमाती, दोन ते तीन भाग वाळू, पायांनी नीट तुडवून. या चिखलाचा गोळा वळून कमरेच्या उंचीवरून टाकला तर तो फुटूही नये आणि पसरूही नये. थर आवळला की दार कापून आतली वाळू काढून टाकायची. आतली उंची ४० सेंमी असेल तर दार २५ सेंमी उंच ठेवा. धूर नीट निघतो आणि उष्णता टिकते. वरून चिकणमातीच्या राबडीत कालवलेल्या तुसाचा जाड थर. सिमेंट नको, तापलं की तडकतं. नदीतले गोटेही नकोत, आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. या कष्टांचं फळ असं: दोन-तीन तास जाळ केला, निखारे ओढून काढले, दार लावलं की पाव नुसत्या साठलेल्या उष्णतेवर भाजतो. तेव्हा आत ज्वाळ नसते. म्हणून माझं मत घुमटाला.

अंतर कौलारू घरापासून निदान ३ मीटर, गवती छपरापासून १० तरी ठेवा आणि भट्टीचं तोंड घराकडे नको. कोकणात दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, तेव्हा भट्टी घराच्या पूर्वेला बरी. पहाटे जाळ करणार असाल तर मतलई उलट, जमिनीकडून वाहते, हे धरून जागा ठरवा. पावसासाठी वर पत्रा किंवा कौलं घाला, झावळ्या नकोत. काढलेले निखारे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच ठेवा. वरून गार दिसणाऱ्या राखेत दुसऱ्या दिवशीही विस्तव असू शकतो, ती पालापाचोळ्यात टाकू नका.