गाडी थरथरते म्हणून बाबांना २२ हजारांचा गंडा, पुणेकरांनो जरा सांभाळून

बाबांची गाडी सातारा रोडला खेड शिवापूरच्या पुढे ८० च्या वर गेली की स्टेअरिंग थरथरायचं, ६० ला काहीच नाही. सिंहगड रोडच्या एका गॅरेजला दाखवली. कधी थरथरते, ब्रेक मारल्यावर का, उभी असताना का, हे त्या माणसाने विचारलंच नाही. सरळ बोनेट उघडलं आणि चालू इंजिन दाखवत म्हणाला, "बघा काका कसं हलतंय, माउंटिंग गेलीत, लोअर आर्म गेले, शॉकअप पण गेलेत, हायवेला चाक निखळेल." (माउंटिंग म्हणजे इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार, लोअर आर्म म्हणजे चाक गाडीला जोडणारा दांडा.) अहो, चालू इंजिन थोडंफार हलतंच! पण चाक निखळेल म्हटल्यावर बाबा घाबरले, २२ हजार दिले, हिशोब साध्या कागदावर. थरथर तशीच. परत गेले तर म्हणे रबर सेट व्हायला वेळ लागतो काका. वयस्कर माणसाला असं घाबरवून पैसे काढायचे, याचाच जास्त संताप येतो.

मग मी गाडी कात्रजला एका टायरवाल्याकडे नेली. त्याने चाक मशीनवर चढवलं तर पुढच्या डाव्या चाकाला समतोलासाठी रिमवर लावलेलं छोटं वजन उडालेलं आणि रिमच्या आतल्या बाजूला चिखलाचा थर वाळून बसलेला. बॅलन्सिंग काही शेकड्यात झालं, गाडी ९० ला शांत. त्यानेच टॉर्च मारून खाली दाखवलं, 'नवीन' माउंटिंगचं रबर तडकलेलं आणि बोल्टवर गंज न् धूळ जशीच्या तशी, पाना लागलेलाच नाही!

थरथर कधी येते यावरून बरंच कळतं हो. ठरावीक स्पीडलाच स्टेअरिंग थरथरलं तर आधी बॅलन्सिंग, खड्ड्यात वाकलेली रिम, टायरला आलेला फुगा हे बघा, सीटखाली जाणवलं तर बहुतेक मागची चाकं. फक्त ब्रेक मारल्यावर आलं तर ब्रेक डिस्क. गाडी उभी असताना, एसी लावल्यावर वाढलं तर माउंटिंग किंवा प्लग. पिकअप घेतानाच आलं तर एक्सलचे जॉइंट. अलाइनमेंट (चाकांचे कोन) बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर वाकडे झिजतात, थरथरीचं कारण सहसा ते नसतं, तरी तेही गळ्यात मारतात.

फोटो घेऊन गॅरेजला गेलो तर आधी आवाज चढवला, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला तक्रार करतो आणि २०१९ च्या ग्राहक कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असं सांगितल्यावर माउंटिंगचे पैसे परत केले. शॉकअप आणि आर्मचे नाही, कारण जुने भंगारात दिले म्हणाला, ते खरंच खराब होते का हे आता कसं सिद्ध करणार? त्यामुळे काम सांगतानाच जुने पार्ट डिकीत ठेवायला सांगा, पक्कं बिल घ्या आणि पैसे देण्याआधी मेकॅनिकला शेजारी बसवून ज्या स्पीडला थरथर येत होती त्याच स्पीडला गाडी चालवून बघा.