भुसावळ, जळगाव एमआयडीसी की चाकण? दहा वर्षांनी पगार कुठे पोचतो

फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा आयटीआय झाला की खान्देशातल्या पोरांपुढे साधारण तीन वाटा असतात. भुसावळला रेल्वेत टेक्निशियन, जळगावच्या एमआयडीसीत पाइप, चटई नाहीतर डाळीचा कारखाना, आणि तिसरी वाट महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुणे, पुढे चाकण. घरात चर्चा होते ती सुरुवातीला किती देतात याची. आमचा आग्रह आहे की त्याच बैठकीत दुसरा प्रश्नही विचारा : हा पगार दरवर्षी कशाने वाढणार?

रेल्वेत टेक्निशियन ग्रेड 3 ची सुरुवात सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल 2 मध्ये होते, मूळ पगार 19,900. जुलै 2025 पासूनचा 58 टक्के महागाई भत्ता म्हणजे 11,542. भुसावळ शहरांच्या सर्वांत खालच्या, झेड वर्गात येतं म्हणून घरभाडं 10 टक्के, 1,990. वाहतूक भत्ता त्यावरच्या महागाईसह 1,422. एकूण 34,854. त्यातून पेन्शनचे 10 टक्के (मूळ अधिक महागाईवर) 3,144 आणि व्यवसाय कर 200 गेला की हातात साडेएकतीस हजारांच्या आसपास पडतात.

वार्षिक वाढ मात्र फक्त 3 टक्के. 19,900 चे 20,500, मग 21,100, 21,700 आणि चौथ्या वाढीला 22,400. चार वर्षांत मूळ पगार वाढला 2,500 ने. आता याच माणसाने ट्रेड टेस्ट पास केली, जागा होती आणि तो ग्रेड 2 ला गेला, तर तो लेव्हल 4 च्या पहिल्या घरात, थेट 25,500 वर बसतो. एका बढतीने 3,100, म्हणजे चार वर्षांच्या वाढीपेक्षा जास्त. म्हणून रेल्वेत लागल्यावर ‘आता सुटलो’ म्हणून पुस्तकं बांधून ठेवणं महागात पडतं. बढती न मिळाल्यास 10, 20 आणि 30 वर्षांनी एमएसीपी (बढतीऐवजी मिळणारी वरची वेतनश्रेणी) मिळते खरी, पण हाताला लागते ती जेमतेम एक जादा वाढ : 26,800 चे 27,600. याच 58 टक्के महागाई भत्त्याने हिशेब केला तर दहा वर्षांनी बढतीविना, एमएसीपी लागायच्या आधी, एकूण पगार 47,900 च्या जवळ जातो. चार वर्षांनी एक बढती मिळाली असेल तर 54,000 च्या.

यात महागाई भत्त्याची पुढची वाढ धरलेली नाही. तो वर्षातून दोनदा बदलतो, आणि बाजारभाव वाढला तरी पगार मागे पडत नाही तो मुख्यतः त्याच्यामुळे. खासगीत हे काम कोणी आपणहून करत नाही.

जळगावच्या कारखान्यात उदाहरणादाखल 14,000 धरू. इथे पहिला प्रश्न रकमेच्याही आधीचा आहे : कंपनीच्या मस्टरवर (हजेरीपटावर) की ठेकेदाराच्या? ठेकेदाराकडे पगार बहुतेक वेळा किमान वेतनाला चिकटलेला असतो. तो हलतो तो सरकार दर सहा महिन्यांनी विशेष भत्ता बदलतं तेव्हा, आणि तेवढाच नव्या पोराचाही हलतो. तिथे आठ वर्षांच्या अनुभवाला वेगळी किंमत मिळत नाही. दोन वर्षांत कंपनीच्या मस्टरवर घेण्याची स्पष्ट चिन्हं नसतील तर तिथे थांबू नये, असं आमचं ठाम मत आहे.

मस्टरवर असाल तर वाढ टक्क्यात की ठोक रुपयांत, ते विचारा. दरवर्षी ठोक 1,000 ही वाढ पहिल्या वर्षी 7 टक्क्यांची वाटते, पगार 24,000 झाला की तीच 4 टक्क्यांवर येते. दहा वर्षांनी 14,000 चे ठोक वाढीने 24,000 होतात, 8 टक्क्यांनी 30,200. जळगावात एकाच मशीनवर ऑपरेटर राहिलं की ठोक वाढच नशिबी येते. पगार वाढतो तो काम बदललं की : एक्स्ट्रूडरवर (प्लास्टिक वितळवून पाइप काढणाऱ्या मशीनवर) नुसतं उभं राहण्याऐवजी डाय बदलणं, झोनचं तापमान बसवणं, मोल्ड सेटिंग, पॅनेल आणि पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक). इलेक्ट्रिशियनने वायरमनचा आणि पुढे सुपरवायझरचा परवाना काढावा. तो असला की एमआयडीसीबाहेरही काम मिळतं.

एक खाच कुणी सांगत नाही. पगार 21,000 च्या वर गेला की ईएसआयसीचं (कामगार विमा योजनेचं) छत्र जातं. चालू सहामाही (एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च) संपेपर्यंतच वर्गणी चालते. आई-वडील त्यावर उपचार घेत असतील तर 20,800 वरून 21,500 ही वाढ घरासाठी तोट्याची ठरू शकते. त्याच वेळी गटविमा मागून घ्या.

चाकणला ऑफर बहुधा सीटीसीत, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चात, येते. वर्षाला 3 लाख, म्हणजे महिना 25,000. मूळ पगार 12,500 असेल तर त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,500 आणि ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांची) तरतूद 601 आधीच वजा. उरले 22,899. मग तुमचा पीएफ 1,500, व्यवसाय कर 200. हातात 21,199. कॉट बेसिसची खोली, मेस, शिफ्टची ये-जा आणि गावची दोन-तीन तिकिटं मिळून 9,000 धरले तर 12,000 उरतात. जळगावला घरी राहून, घरचं जेवून 14,000 मिळवणाऱ्यापेक्षा पहिली दोन वर्षं हा पुढे नसतो. त्या काळात गावाकडे पैसे कमी आले म्हणून घरच्यांनी बोलू नये.

चाकणचा फायदा पुढे आहे, कारण तिथे शेजारीच दुसरी कंपनी आहे. 22,000 वर 7 टक्क्यांनी बसून राहिलात तर दहा वर्षांनी 43,300. त्याच दहा वर्षांत दोनदा 25 टक्क्यांनी नोकरी बदललीत आणि बाकी आठ वर्षं 7 टक्के मिळाले, तर 59,000. मात्र बदलताना तीन गोष्टी सांभाळा. रिलीव्हिंग लेटर घेतल्याशिवाय निघू नका. पीएफ काढून न घेता जुन्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरवर) वर्ग करा. आणि ग्रॅच्युइटीला कायम कामगाराची सलग 5 वर्षं लागतात : मूळ 15,000 असेल तर पाच वर्षांचे 43,269. चौथ्या वर्षी निघत असाल तर तेवढी रक्कम नव्या पगाराच्या बोलणीत धरा.

राहिला रेल्वे भरतीच्या तयारीचा खर्च. तीन वर्षं अभ्यासिकेत बसलं तर 14,000 च्या हिशेबाने 5,04,000 बुडतात. निवड झाली तर महिन्याच्या साडेसतरा हजारांच्या फरकाने ते अडीच वर्षांत भरून निघतात. नाही झाली तर पैशांपेक्षा अनुभवाची तीन वर्षं जास्त सलतात, कारण पंचविशीतही पगार फ्रेशरचाच मिळतो. त्यापेक्षा आयटीआयनंतर रेल्वेतच अॅप्रेंटिस करा : स्टायपेंड मिळतो, आणि लेव्हल 1 च्या (टेक्निशियनच्या एक पायरी खालच्या) भरतीत रेल्वेत अॅप्रेंटिस केलेल्यांसाठी 20 टक्के जागा राखीव असतात. ते नाही जमलं तर एमआयडीसीत काम धरा, पहिल्या शिफ्टची पाळी मागून घ्या आणि संध्याकाळी अभ्यासिका गाठा. दोन भरत्या संपेपर्यंत एवढं जमतं.