बाळंतपणाला घरी दाई की नागपूरचा डागा दवाखाना?

दाईचा हात मायेचा, हे खरं. उकिडवं बसू देते, घाई करत नाही. पण बाळंतपणानंतर रक्त थांबेना झालं तर? डागा या सरकारी स्त्री रुग्णालयात किंवा मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, बाळ येताच मिनिटभरात आईच्या मांडीत १० युनिट ऑक्सिटोसिन टोचतात, त्यानं गर्भाशय आवळतं. ५०० मिलीच्या वर रक्त गेलं की धोका. घरी ते लुगड्यात मुरतं, मोजणार कोण? काही दाया तेच इंजेक्शन कळा वाढवायला बाळ यायच्या आधीच देतात. त्यानं गर्भाशय फाटू शकतं. शिवाय औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, नागपूरच्या मे महिन्यात पिशवीत नाही! सरकारी दवाखान्यात गर्दी, हे मान्य. तरी सिझेरियन, रक्त, औषधं मोफत. कळा सुरू होताच रुग्णवाहिकेसाठी १०२ ला फोन करा.