मेगर पास झाला, पण स्लॉटमध्ये क्लास एच नव्हताच

ड्राइव्हवर, म्हणजे वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणावर, चालणारी 30 किलोवॅटची मोटर रिवाइंड होऊन, म्हणजे आतल्या तारा नव्याने भरून आली. बिलावर ‘क्लास एच, नोमेक्स पेपर’, म्हणजे जास्त उष्णता सोसणारा अरामिड तंतूचा कागद, लिहिलेलं, पैसेही त्याच भावाने घेतलेले. पाचव्या महिन्यात ती पुन्हा जळाली. उघडल्यावर ओव्हरहँगमध्ये, म्हणजे कॉइलचा बाहेर आलेला भाग कव्हर काढताच नजरेला पडतो तिथे, दोन फेजच्या कॉइलमधला कागद खरा अरामिडचा निघाला. स्लॉटमधून, म्हणजे तारा बसतात त्या लोखंडी खाचांतून, तारा ओढल्या तेव्हा मात्र दुधी रंगाची पॉलिएस्टर फिल्म बाहेर आली, आक्रसून तारेला चिकटलेली. वर्कशॉपचं उत्तर ठरलेलं: ‘ओव्हरलोड झाली असेल.’

ताबा घेताना मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर, लावला होता. 500 व्होल्टला शेकडो मेगओम दाखवत होता. बहुतेक जण फसतात ते इथेच. मेगर ओल आणि घाण पकडतो. कागद किती अंश सोसेल हे त्याला कळत नाही. थंड मोटरमध्ये पॉलिएस्टर फिल्मही उत्तम रीडिंग देते. इन्सुलेशन किती तापमान सोसतं ते क्लास सांगतो: बी म्हणजे 130 अंश सेल्सिअस, एफ 155, एच 180. दर 10 अंशांना आयुष्य निम्मं, हा जुना ठोकताळा धरला तर 130 चा माल 160 वर चालवल्यास आठवा हिस्सा उरतो. त्यात ड्राइव्ह. 415 व्होल्टच्या पुरवठ्यावर ड्राइव्हच्या आतली डीसी बस (डीसी व्होल्टेज) सुमारे 590 व्होल्टची. केबल लांब असली तर मोटरच्या टर्मिनलवर जवळपास दुप्पट व्होल्टेजचे झटके बसतात. साध्या इनॅमलची (तारेवरच्या पातळ इन्सुलेशन थराची) तार असेल तर कॉइलच्या पहिल्या काही वेढ्यांतच शॉर्ट होऊ शकतो.

म्हणून कॉइल घालण्याआधीच वर्कशॉपमध्ये जा. स्लॉट पेपरच्या कातरणातली बोटभर पट्टी मागा, पकडीत धरून लायटर लावा. अरामिड काळा पडून कोळसा होतो, थेंब गळत नाही, ज्योत काढली की विझतो. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं, टोकाला मणी धरतं. कागद तीन थरांचा असेल तर मधली पॉलिएस्टर फिल्म वितळणारच; सलग अरामिड ठरला असेल तर असा कागद घेऊ नका. तारांवर चढवायची नळी, म्हणजे स्लीव्हही जाळून पाहा: पीव्हीसी वितळते, फायबरग्लासची जाळी तशीच राहते.

बिलावर नुसतं ‘क्लास एच’ नको. कागदाचा ग्रेड आणि जाडी, तारेचा थर्मल क्लास, वार्निशचं नाव, भट्टीत किती तास भाजलं, सगळं लिहून घ्या. तारेच्या ड्रमवरच्या लेबलचा फोटो काढा. आणि मोटर जळालीच, तर दुरुस्तीला देण्याआधी दोन-तीन स्लॉटमधला कागद आणि तार काढून ठेवा. जुनं वाइंडिंग भट्टीत जाळलं की हातात पुरावा उरत नाही.