टीडीएस पेन आणि चार फुटी टाकीतली ॲमेझॉन स्वोर्ड: काही महिने वापरल्यावर

'मॅडम, आत पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही.' टीडीएस पेनबद्दल (पाण्यात विरघळलेले क्षार साधारण किती ते पीपीएममध्ये, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये, दाखवणारं पेनसारखं मीटर) हे उत्तर मिळालं म्हणून लिहायला बसले आहे. पाण्यात बुडवणं हाच ज्या वस्तूचा उपयोग, तिला पाण्याची वॉरंटी नाही! विकणाऱ्याचं नाव देत नाही, कारण बाजारात हेच पेन वेगवेगळ्या नावांनी मिळतं आणि टोपीही सगळ्यांची सारखीच असते.

खरा वैताग त्या टोपीचाच आहे. ती पिनांवर घट्ट बसते, इतकी घट्ट की पिनांवरचं पाणी आतच कोंडून राहतं. पेन पुसून ठेवा असं माहितीपत्रकात आहे; पण दोन पिनांच्या खोबणीत फडकं जात नाही, कापूस घातला तर धागे अडकतात. आडवं ठेवलं, ड्रॉवर दोनचारदा उघडला की ते पाणी सांध्यातून आत सरकतं. मग एक दिवस आकडा नाचायला लागतो. ३३०, ४१०, २९०, परत ३३०. सेल बदलले (दोन बटणसेल, तेही फुकट येत नाहीत), तरी नाच थांबेना. शेवटी पेन उघडून तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं आणि टोपीच्या तळाला तापवलेल्या सुईने भोक पाडलं. तेव्हापासून बरं चालतंय. एवढं भोक कारखान्यातच पाडलं असतं तर काय बिघडलं असतं?

आता टाकीबद्दल. मत्स्यालयाची टाकी चार फुटी, साधारण २४० लिटरची. मधोमध एकच मोठी ॲमेझॉन स्वोर्ड, म्हणजे पाण्यात वाढणारं झाड, पानं फूट-दीड फुटांची. आणली तेव्हाची पानं महिन्याभरात वितळली. नर्सरीत ही झाडं पाण्याबाहेर वाढवतात, त्यामुळे ते व्हायचंच. नंतर पाण्यातली लांब पानं आली आणि झाड सुटलं ते सुटलंच. आम्ही पुण्यात वाघोलीकडे राहतो. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. बोअरचं पाणी पेनवर ६२० दाखवतं. नळांवर पांढरा थर, गिझरची कॉइल दर वर्षी खलास.

पहिले काही महिने मी पेनवर बेहद्द खूश होते, आणि त्याला दोन कारणं होती. एक, उन्हाळ्यातली भर. पंखा लावलेल्या टाकीतलं पाणी झपाट्याने उडतं, पण क्षार उडत नाहीत. वरून नळाचं पाणी ओतत राहिलं तर टाकी हळूहळू खारट होत जाते. ३३० वरची टाकी ४५० च्या पुढे गेलेली पेनने मला दाखवली. तेव्हापासून उडालेल्या पाण्याची भर फक्त आरओच्या पाण्याने, आणि आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं. दुसरं कारण टाकीचं नव्हे, स्वयंपाकघराचं. आरओवाला सर्व्हिसला आला आणि सवयीने म्हणाला, 'मेम्ब्रेन गेलाय.' मी त्याच्यासमोर पेन बुडवलं: ३८. तो पेनकडे बघत राहिला, मग म्हणाला, 'अजून सहा महिने जाईल.' पेनचे पैसे त्या एका दिवसात वसूल झाले. तेव्हा लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते.

मग सर्वसाधारण सभेत ठराव झाला आणि सोसायटीने सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं यंत्र) बसवला. नळ चकाचक, गिझरवाले खूश. पेनवर आकडा ६२० चा ५९० झाला. म्हणजे पेनच्या मते पाणी जवळपास तेच. पण स्वोर्डची नवी पानं आखूड यायला लागली, कडा चुरगळलेल्या, देठापाशी पिळवटलेली. जुनी पानं शिरांमध्ये पिवळी. दुकानदाराने लोहाची बाटली दिली. ती अर्धी संपली, पान काही सरळ येईना.

पत्ता लागला तो कुकरमुळे. आमच्याकडे तूरडाळ शिजायला नेहमी शिट्ट्यांचा जादा रतीब लागायचा, सोडा घालू की नको यावर सासूबाईंशी चर्चा व्हायची. सॉफ्टनर आल्यापासून तीच डाळ, त्याच दुकानातली, निम्म्या शिट्ट्यांत गळायला लागली. आंघोळीला साबण अंगावरून उतरेना. म्हणजे पाणी साफ बदललं होतं, आणि ते कुकरला कळलं, पेनला नाही.

कारण अगदी साधं आहे. सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, अदलाबदल करतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतो, त्यांच्या जागी सोडियम सोडतो. म्हणून तर त्याच्या टाकीत मिठाची पोती ओतावी लागतात. पेन बिचारं फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्याला एका आकड्याने गुणून पीपीएम दाखवतं. वीज कॅल्शियममुळे वाहतेय की सोडियममुळे, हे त्याला कळायची सोयच नाही. शिवाय तो गुणायचा आकडाही सगळ्यांचा एक नाही. काही मीटर ०.५ ने गुणतात, काही ०.७ ने, त्यामुळे एकाच पाण्याला एक ५०० म्हणेल आणि दुसरा ७००. शेजारच्या काकांचं पेन आणि माझं पेन यांचं कधी जमत नाही, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

झाडाला मात्र हा फरक पुरेपूर कळतो. कॅल्शियम जुन्या पानातून नव्यात जात नाही, म्हणून ते कमी पडलं की नवं पान वाकडं येतं. मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून ओढून घेतं, म्हणून जुनी पानं शिरांमध्ये पिवळी पडतात. माझ्या झाडाने दोन्ही तक्रारी एकदमच मांडल्या होत्या.

मग थेंबांचा संच आणला, जीएच (पाण्यातलं एकूण कॅल्शियम-मॅग्नेशियम) आणि केएच (पाण्यातले कार्बोनेट-बायकार्बोनेट) मोजायचा. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकत जायचं, रंग बदलेपर्यंत मोजायचं. एक थेंब म्हणजे एक अंश, साधारण १८ पीपीएम. बागेच्या नळाला (ती लाइन सॉफ्टनरच्या आधीची आहे) जीएच २० थेंब. घरातल्या नळाला १. एक! केएच दोन्हीकडे १४, कारण सॉफ्टनर त्याला हातच लावत नाही. पेनच्या ५९० मागे हे सगळं दडलेलं होतं.

आता पाण्याचा बेत असा. बागेच्या नळाच्या दोन बादल्या लिफ्टने वर, तेवढंच आरओचं पाणी. टँकरचं पाणी असेल तर क्लोरीन घालवायला हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे, बाटलीबंद कंडिशनरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. मिश्रण ३३० च्या आसपास, जीएच १०, केएच ७. स्वोर्डला एवढं भरपूर आहे. आरओचं वाया जाणारं पाणी पूर्वी मी तुळशीला घालायचे. आता त्यात सोडियम दाटलेलं असतं, म्हणून ते फक्त फरशीला. बादल्या वर नेताना वॉचमनकाका रोज विचारतात, घरात पाणी येत नाही का. त्यांना किती समजावणार.

बागेचा नळ ज्यांच्याकडे नाही त्यांना आरओच्या पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट आणि कॅल्शियम सल्फेट घालून काम भागवता येतं. १०० लिटरला १ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घातलं की मॅग्नेशियम साधारण १ पीपीएमने वाढतं. सॉफ्टनरच्या पाण्यात हे घालून तेच वापरत राहू नका, आतलं सोडियम कुठे जात नाही.

लोहाच्या त्या बाटलीबद्दलही मत बदललं. बाटली वाईट नव्हती, पण केएच १४ आणि पीएच ८ च्या पाण्यात ईडीटीए प्रकारचं लोह (ईडीटीए या रसायनात बांधलेलं) फार काळ टिकत नाही. हेच ईडीटीए लोह कृषी सेवा केंद्रात १२ टक्क्यांचं पाकिटात मिळतं, मत्स्यालयाच्या दुकानातल्या बाटलीच्या मानाने मातीमोल. पीएच जास्त असेल तर ६ टक्क्यांचं ईडीडीएचए प्रकारचं लोह घ्या, पण चिमूटभरानेच टाकी लालसर होते, पाहुण्यांना सांगत बसावं लागतं. मी थोडं खत मुळाशी गोळीतून देते. स्वोर्ड मुळांनी खाणारं झाड आहे, त्यामुळे पाण्यात ओतलेल्यापेक्षा ते जास्त कामी येतं.

वाकडी झालेली पानं सरळ होत नाहीत, त्यांच्याकडे बघून निराश होऊ नका. मधून येणारं नवं पान बघा. माझ्याकडे पाणी बदलल्यानंतरचं दुसरं-तिसरं पान रुंद आणि सपाट आलं. आता एक लांब दांडाही आलाय, त्यावर पिल्लं (छोटी रोपं) धरली आहेत.

तर पेनला तीन तारे. एक टोपीसाठी कापला, एक वॉरंटीवाल्यांच्या उत्तरासाठी. आरओ तपासायला आणि टाकीतल्या क्षारांची वाढ बघायला ते घ्याच. मधूनमधून पिना व्हिनेगरने पुसा, आणि एक लिटर आरओच्या पाण्यात एक ग्रॅम मीठ विरघळवून ०.५ ने गुणणाऱ्या पेनवर १००० च्या आसपास, ०.७ वाल्यावर १४०० च्या आसपास आकडा येतो का ते बघा, कॅलिब्रेशनच्या पुड्या विकत घ्यायची गरज नाही. पण सोसायटीत सॉफ्टनर असेल, तर आधी थेंबांचा संच घ्या, पेन नंतर. संच घेताना त्याच्या बाटलीवरची मुदत वाचा. मला दुकानदाराने पहिल्यांदा जो काढून दिला तो पुढच्याच महिन्यात संपणारा होता.