जुनी जिप्सी, लेहची तयारी आणि ४० लिटरची टाकी

मारुतीची जिप्सी घेऊन लेहला जायचंय म्हटलं की भेटेल तो आधी टायरबद्दल विचारतो. मग लिफ्ट किट, विंच, छतावरचं कॅरिअर. पेट्रोलच्या टाकीबद्दल आजवर एकानेही विचारलेलं नाही. गेले कित्येक महिने ही गाडी रोज वापरून आणि सह्याद्रीतले घाट पालथे घालून माझं ठाम मत झालंय की जुन्या जिप्सीने लांब जायचं तर हिशोब टाकीपासून सुरू करावा. बाकीच्या खरेदीला नंतर भरपूर वेळ असतो.

गाडी २००८ची, सॉफ्ट टॉप, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी सेन्सरच्या हिशोबाने पेट्रोल फवारणारी). १३०० सीसी इंजिन, पाच गिअर, पुढेमागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), पॉवर स्टिअरिंग नाही, हे जिप्सीवाल्यांना पाठ आहे. तीन लाखांच्या आत पडली. आधीच्या मालकाने २०२३ मध्ये आरसीचं नूतनीकरण करून घेतलं होतं, म्हणून २०२८ पर्यंत कागदांची काळजी नाही. भाव ठरवताना हा मुद्दा विसरू नका. जे काम पूर्वी ६०० रुपयांत व्हायचं त्याला एप्रिल २०२२ पासून ५,००० लागतात. वर ग्रीन टॅक्स, फिटनेससाठी करावी लागणारी कामं आणि आरटीओच्या खेपा वेगळ्याच.

कार्ब्युरेटरवाली जिप्सी स्वस्त मिळत होती, ती मुद्दाम घेतली नाही. मनाली-लेह रस्त्यावरची तांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम निम्मा. कार्ब्युरेटर तिथेही इथल्याइतकंच पेट्रोल ओततो, गाडी काळा धूर सोडते आणि पेट्रोल वाया जातं. एमपीएफआयमध्ये सेन्सर दाब मोजून पेट्रोल कमी करतो. ताकद तरीही घटतेच, पण निदान पेट्रोल फुकट जळत नाही.

आता मूळ दुखणं. पावसाळा संपल्यावर कल्याणकडून येताना माळशेज चढत होतो. टाकीत निम्म्याहून कमी पेट्रोल. अर्ध्या घाटात गाडी आचके द्यायला लागली. दुसऱ्या गिअरवर पाय पूर्ण दाबला तरी इंजिन गुदमरल्यासारखं करायचं आणि शेवटी बंद. बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटं थांबलो, तर एका सेल्फला चालू. वर पोहोचेपर्यंत हेच पुन्हा झालं. सपाटीवर आल्यावर मात्र पुण्यापर्यंत एक तक्रार नाही.

पुण्यातल्या एका गॅरेजने (नाव घेत नाही) फारसं न तपासता फ्युएल पंप गेल्याचं सांगितलं. पंप टाकीच्या आत, त्यामुळे टाकी उतरवणं आलं, त्याची मजुरी आली, आणि पंपाची किंमत ऐकून तर घाम फुटला. नवा पंप बसला. पुढच्या ट्रिपला वरंध घाटात पुन्हा तेच आचके. परत गेलो तर म्हणाले, गाडी जुनी आहे, असं होणारच. माझा साधा प्रश्न होता. तुम्ही स्वतः टाकी खाली उतरवलीत, मग आत बॅटरी मारून पाहिलं का? उत्तर मिळालं नाही. जुना पंप मागितला, तर तो भंगारात गेला म्हणे. पैशांचं दुःख आहेच, पण टाकी उघडी समोर असताना आत डोकावायचे कष्ट कुणी घेतले नाहीत, याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी नाना पेठेत स्पेअर बघताना एका दुकानदाराने रेडिएटरचं काम करणाऱ्या चाचांकडे पाठवलं. त्यांनी टाकी कानाशी धरून हलवली. आत खुळखुळ. मग उलटी करून तोंडाखाली पांढरा कपडा धरला. कपड्यावर गंजाचे पापुद्रे पडले, काही नखाएवढे, आणि त्यांच्या मागून चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी गाळ. "पंप चांगला आहे साहेब," चाचा म्हणाले, "त्याला गाळ पाजताय तुम्ही."

प्रकार असा होता. पेट्रोल कमी असलं की चढावर सगळं एका बाजूला सरकतं आणि गाळ पंपाच्या जाळीभोवती गोळा होतो. पंप ओढत राहतो, तसा तो जाळीला चिकटतो. इंजिन बंद केलं की ओढ थांबते, गाळ सुटून खाली बसतो, म्हणून थोड्या वेळाने गाडी काही झालंच नाही अशी चालू होते. हे लक्षण पाठ करून ठेवा. चढावर आणि जोर लावल्यावरच आचके येत असतील आणि थांबल्यावर गाडी आपोआप बरी होत असेल, तर पंप बदलण्याआधी टाकीत बघा.

गाळ आता का सुटला, याचं कारण चाचांच्या मते आजचं पेट्रोल. हल्ली सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं मिळतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं, आणि पत्र्याच्या जुन्या टाकीत वर्षानुवर्षं चिकटून बसलेला थर मोकळा करतं. त्या काळच्या रबरी नळ्याही त्याला टिकत नाहीत. माझ्या नळ्या दाबल्यावर तडे दिसत होते, त्या सगळ्या बदलल्या.

टाकी गरम कॉस्टिकने धुतली, आतून कोटिंग केलं, तळाला दोन सुईएवढी भोकं निघाली ती झाळून घेतली. एक सांगायलाच हवं. पेट्रोलच्या टाकीला ज्योत लावणं हे घरी करायचं काम नाही. रिकामी वाटणारी टाकी वाफेने भरलेली असते आणि स्फोट तिचाच होतो. चाचांनी ती आधी धुऊन, मग पाणी भरून, फक्त भोकाची जागा कोरडी ठेवून काम केलं. एवढं सगळं पंपाच्या बिलाच्या चौथ्या हिश्शात झालं.

यापुढचं टाकी बसवून बरेच दिवस गाडी चालवल्यावर लिहितोय, आणि दोन मतं बदलली आहेत.

पहिलं पाट्यांचं. सुरुवातीला मी यादीत सर्वांत वर पॅराबोलिक, म्हणजे मऊ चालणारे, पाटे लिहिले होते, कारण रिकामी जिप्सी रस्त्यावरचा प्रत्येक खडा मणक्यापर्यंत पोहोचवते. मग बुश बदलले, शॅकलला ग्रीस भरलं आणि मागे प्रवासाइतकं सामान टाकून भंडारदऱ्याहून साम्रदला नेऊन आणली. वजन पडल्यावर हेच पाटे शहाण्यासारखे वागतात. तो खर्च यादीतून काढला.

दुसरं मत टाकीच्या आकाराचं. ती खराब होती तोवर ती साफ झाली की प्रश्न संपला असं वाटत होतं. तसं नाही. साफ टाकीसुद्धा ४० लिटरचीच, आणि त्यातलं सगळं इंजिनपर्यंत पोहोचत नाही. काटा खाली टेकल्यावर कॅन जवळ ठेवून गाडी बंद पडेपर्यंत चालवली, मग काठोकाठ भरली. वापरता येतं ते साधारण ३६ लिटर. सामान आणि दोन माणसं घेऊन घाटात मायलेज साडेनऊच्या आसपास. म्हणजे ३४२ किलोमीटर.

मनाली-लेह रस्त्यावर तांडीच्या पंपापाशी प्रसिद्ध फलक आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. फलकाच्या हिशोबाने तेवीस किलोमीटर कमी पडतात, आणि तेही सगळं सुरळीत झालं तर. मध्ये बारालाचा ला, गाटा लूप्सची २१ वळणं, लाचुंग ला, तांगलांग ला. नाल्यातून फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या सर्वांत हळू गिअरमध्ये) जाताना मायलेज नावाची गोष्ट उरत नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून या मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्के असेच गेलेले. त्सो मोरिरी तलावाचा फाटा घ्यायचा म्हटला तर बोलायलाच नको.

मोठी टाकी बनवून देणारे आहेत. भाव ऐकला आणि नमस्कार केला. त्याऐवजी २० लिटरचा लोखंडी जेरीकॅन घेतला. प्लॅस्टिकचा नाही. पेट्रोल विनापरवाना जास्तीत जास्त ३० लिटर बाळगता येतं, तेही धातूच्या २५ लिटरपर्यंतच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. म्हणून दोन कॅनचा विचार सोडला. एका कॅनने एकूण ५६ लिटर होतात, ते पुरतात. कॅन बाहेर मागच्या दाराला, स्टेपनीशेजारी. कॅनव्हासच्या आत पेट्रोलचा वास घेत विरळ हवेत गाडी चालवायची माझी तयारी नाही. काठोकाठ भरायचा नाही, कारण वर गेल्यावर बाहेरचा दाब कमी होऊन कॅन फुगतो. उघडताना झाकण हळूहळू सैल करायचं. भरताना कॅन जमिनीवर ठेवायचा.

मार्गही शेवटी टाकीनेच ठरवला. जाताना श्रीनगर, झोजी ला, कारगिल. या बाजूला पेट्रोल वेळेवर मिळतं, आणि उंचीही हळूहळू वाढत जाते, म्हणून शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. परत येताना लेहजवळ कारूला टाकी आणि कॅन भरून मनालीची बाजू. तोवर गाडीचं वागणं कळलेलं असेल, आणि तांडी कारूपेक्षा बरीच खाली आहे. शिवाय २०२० पासून अटल बोगदा असल्याने रोहतांग चढायची सक्ती नाही. खाली मैदानात दिल्ली आणि तिच्याभोवतीचा एनसीआरचा पट्टा होईल तितका टाळतोय. १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाडीने तिथे नियमांशी वाद घालत बसायचं नाही. इंदूर, कोटा, जयपूर, सीकर, हिसार, लुधियाना, पठाणकोट असं जायचं. ताशी सत्तरच्या वर गाडी बोंबलते, त्यामुळे घाईच्या माणसाने हिच्या नादी लागू नये.

इतर गोष्टी थोडक्यात. ब्रेक पुरेसे, पण लांब उतारावर खालचा गिअर वापरा. फोर-व्हीलसाठी उतरून पुढच्या चाकांचे हब हाताने फिरवावे लागतात, पहिल्या नाल्यात बूट भिजण्याआधीच फिरवून घ्या. टायर साधेच आहेत आणि साधेच राहतील. रुंद टायर घातले की पॉवर नसलेलं स्टिअरिंग आणखी जड होतं आणि मायलेजही पडतं, जे मला मुळीच परवडणार नाही. सुटे भाग स्वस्त. लष्कराने ही गाडी इतकी वर्षं वापरली आहे की लडाखात हिच्यावर हात चालणारा माणूस सापडेल, हा मोठा आधार वाटतो. सोबत घेतोय ते फिल्टर दोन, नळीचा तुकडा, जुबिली क्लिपा, फ्यूज, क्लच केबल, फॅनबेल्ट.

सप्टेंबरमध्ये निघायचं आहे, तेव्हा नाल्यांचं पाणी उतरलेलं असतं. तोवर दर महिन्याला फिल्टर काढून पांढऱ्या बशीत झटकून बघतो. गेल्या वेळी बशीत काहीच पडलं नाही.

तुम्ही जिप्सी बघायला जाल तेव्हा टाकी पाव भरलेली असताना गाडी चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, पाय पूर्ण दाबून दहा मिनिटं चालवायला मागा. विकणारा आधी पेट्रोल भरून आणतो म्हणाला तर थांबवा. खाली वाकून टाकीच्या कडेवरून बोट फिरवा, ओलसर लागलं किंवा ताजा रंग दिसला तर टाकीचं काम भावातून वजा करूनच बोला.