अडालिमुमॅबचं इंजेक्शन, एक उन्हाळा काढल्यावर: सांधे मोकळे झाले, पण फ्रिजने वात आणला

आमवातावरचं (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) हे औषध काय आहे ते इथे येणाऱ्यांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. ४० मिलिग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, पोटाला नाहीतर मांडीला. याच आजारावरचं, आठवड्यातून एकदाच घ्यायचं मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक ॲसिड सोबत चालूच आहे. मी घेते ते बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेलं त्याच्यासारखंच औषध; मूळ कंपनीचं आपल्या खिशाला झेपणारं नाही. सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, टीबीची रक्ततपासणी, हिपॅटायटिस बी-सी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) एवढं सगळं झालं. तेव्हा बिल बघून चिडले होते. पण अंगात टीबी झोपलेला असला तर हे औषध त्याला उठवतं, आणि हृदय आधीच कमजोर असेल तर जपून द्यावं लागतं. तिथे पैसे वाचवू नका.

गुण पहिल्यांदा सांगते. सकाळी तास-तासभर मुठी वळायच्या नाहीत. सोलापुरात राहून भाकरी थापता येत नाही म्हणजे काय ते कळेल ज्याला त्याला. सून चपात्या करायची, मी गप खायची. दोन-अडीच महिन्यांनी एका सकाळी परातीत ज्वारीचं पीठ घेतलं आणि बसले. कड फाटली, आकार म्हणाल तर कर्नाटकाचा नकाशा, पण तव्यावर टम्म फुगली. मनगटाची सूज गेली, सीआरपी (रक्तातला सुजेचा आकडा) खाली आलं. या बाबतीत तक्रार नाही.

तक्रार आहे ती २ ते ८ अंशांची. इंजेक्शन कायम तेवढ्या थंडाव्यात ठेवावं लागतं.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४२-४३ ला. औषधवाल्याचा पोऱ्या दुचाकीवर थर्माकोलचा डबा घेऊन आला. त्याच्यासमोरच उघडला, तर आतलं जेलपॅक पार पातळ, हाताला कोमट. म्हणाला, "मावशी, काही होत नाही, सगळे असंच घेतात." म्हटलं, सगळे घेत असतील, मी नाही घेणार. फोनवर मालक म्हणे, बिल झालेलं औषध परत होत नाही. दोन दिवस वाद घातला, मुलाने कंपनीच्या हेल्पलाइनला कळवलं, तेव्हा कुठे बदलून मिळालं. आता मी स्वतःच दुकानात जाते, संध्याकाळी, आपला डबा घेऊन.

बरं, घरी आणलं म्हणजे सुटलो असं नाही. फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकलं तर गोठतं, आणि एकदा गोठलेलं इंजेक्शन वितळलं तरी टाकून द्यायचं. दारात ठेवावं तर नातू दिवसभर दार उघडतो. शेवटी मधल्या कप्प्यात, पुढच्या बाजूला, स्टीलच्या डब्यात ठेवलं आणि शेजारी थर्मामीटर. लाइट गेली की कुणी फ्रिज उघडायचा नाही, असा घरात कायदा आहे. काही कंपन्यांचं इंजेक्शन बाहेर २५ अंशांत चौदा दिवस चालतं म्हणे. मेमध्ये सोलापुरात २५ अंश सोन्याच्या दुकानात मिळतात, घरात नाही.

या वैतागातच डॉक्टरांना म्हटलं, मला गोळी द्या. टोफासिटिनिब, दिवसातून दोनदा, फ्रिज नको, किंमतही कितीतरी कमी. आमच्या गल्लीतल्या एक जणी घेतात, छान चाललंय त्यांचं. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. तुमचं वय पन्नाशीपुढे, बीपी आहे, मिसरी आत्ता कुठे सुटलीय. मग समजावलं, की २०२२ मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला. पन्नाशीपुढचे आणि हृदयविकाराचा किमान एक धोका असलेले चार हजारांवर रुग्ण. हार्ट ॲटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू, असं गोळीवाल्यांत ३.४ टक्के लोकांना झालं, टीएनएफ हे सूज वाढवणारं प्रथिन अडवणाऱ्या, म्हणजे माझ्यासारख्या, इंजेक्शनवाल्यांत २.५ टक्के. मी म्हटलं, शंभरात एकाचा फरक, त्यासाठी मी फ्रिजची राखण करू? तर म्हणाले, या आजाराने हृदयाचा धोका आधीच साधारण दीडपट झालेला असतो, त्यावर आणखी कशाला? जी सूज सांधे खाते तीच रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही लागते. तिथे पांढऱ्या पेशी चिकटतात, चरबी साचते. गल्लीतल्या बाई चाळिशीच्या, बीपी नाही, तंबाखू नाही. त्यांचा हिशेब वेगळा.

म्हणून इंजेक्शनच चालू ठेवलं. त्यातच लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आलं आणि पुन्हा डोकं फिरलं. दुखणं गेलं आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलं! इथे आधी तीन तारे देऊन गेले होते ते त्याच दिवशी. आता चार करतेय, कारण नंतर कळलं की सूज भडकलेली असते तेव्हा कोलेस्टेरॉल मुळात कमी दिसतं. रोग थंडावला की आकडा आपल्या जागी येतो. म्हणजे माझा आधीचा सुंदर रिपोर्ट फसवा होता. कोलेस्टेरॉल उतरवणारी ॲटोरव्हास्टॅटिनची एक गोळी वाढली, ठीक आहे. त्याबदल्यात डायक्लोफिनॅकची स्ट्रिप बंद झाली, आणि ती बंद झाल्यावर बीपीही उतरलं. वेदनाशामक गोळ्यांनी बीपी चढतं हे इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. त्या स्ट्रिपा मी कुरमुऱ्यासारख्या संपवत होते.

पाचवा तारा नाही. किमतीमुळे नाही, कारण छापील किंमत आणि प्रत्यक्ष मिळते ती किंमत यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कंपनीच्या रुग्ण योजनेत नाव घालून घ्या, घासाघीस करायला लाजू नका. तारा कापला तो त्या थर्माकोलच्या डब्यासाठी. एवढं महागाचं औषध बनवता, तर डब्यावर तापमान दाखवणारी दहा-वीस रुपयांची पट्टी चिकटवायला काय होतं?

सोलापूर, लातूर, धाराशिवकडच्या कुणी घरचा फ्रिज इन्व्हर्टरवर घेतला असेल तर किती व्हीए क्षमतेचा लागला आणि बॅटरी किती तास टिकते ते कळवा. माझ्या इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि एक ट्यूबलाइटच चालते.